पंचाहत्तर सेंट मी पण भरलेत

आज पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, सुई टोचल्याची कसली भरपाई मागतेस, बरं दिसतं का ते?" वयाचा मान ठेवून गप्प बसले. पण घरी आल्यापासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहितेय.

गेल्या ऑक्टोबरमध्ये फ्लूचा शॉट घेतला. फार्मसीत घाई होती, मला उभंच ठेवलं, मी टॉप गळ्याकडून खाली ओढला आणि त्याने सुई पार वर, खांद्याच्या हाडालगत मारली. रात्रीच हात उचलेना. सकाळी लेकीची वेणी घालायला गेले तर हात तिच्या डोक्यापर्यंत जाईना. सहा वर्षांची पोर म्हणाली, आई, मी खाली बसू का?

लस दंडाच्या स्नायूत द्यायची असते. वर गेली तर सांध्याजवळच्या बर्सात (हाडांमधलं घर्षण कमी करणारी छोटी पिशवी) जाऊन सूज येऊ शकते. इथे अमेरिकेत याला सिर्व्हा (SIRVA, म्हणजे लस टोचताना खांद्याला झालेली इजा) म्हणतात आणि २०१७ पासून ते लसीमुळे होणाऱ्या इजांच्या भरपाईसाठीच्या सरकारच्याच यादीत आहे! भरपाईसाठी दुखणं ४८ तासांत सुरू व्हायला हवं आणि सहा महिन्यांच्या वर टिकायला हवं. माझं एमआरआय, कॉर्टिझोनची दोन इंजेक्शनं (सूज कमी करायला) आणि आठवड्याला दोनदा पीटी (फिजिओथेरपी) करून वर्ष झालं, अजून टिकलंय. आणि काकू, मी कुणा फार्मसिस्टच्या पोटावर पाय दिलेला नाही. केस लागते ती केंद्राच्या आरोग्य सचिवांवर, पैसे येतात फंडातून, ज्यात फ्लूच्या दर डोसमागे ७५ सेंट टॅक्स जमा होतो. वकिलाची फीसुद्धा कोर्ट ठरवतं आणि तिथूनच देतं, माझ्या पैशातून त्याला काही घेता येत नाही. १९८६ चा कायदा आहे हा, मी शोधलेली पळवाट नाही!!

हो, लसविरोधी लोक असल्या केसेस नाचवतात, मान्य. म्हणून मी गप्प बसायचं? मी याही वर्षी शॉट घेतलाय, दुसऱ्या हातात, खुर्चीत बसून, बाही पूर्ण वर करून.

काकूंवर राग नाही खरं तर. आपल्या बायकांना अंगावर काढायचीच सवय, माझी आईही तशीच. मीसुद्धा पहिले दोन महिने बाम चोळत बसले होते आणि वेणी नवरा घालत होता, वाकडीतिकडी, पोर तशीच शाळेत जायची.

कुणाचा खांदा असाच अडकला असेल तर तारीख बघा, पहिल्या दुखण्यापासून ३ वर्षं, मग क्लेम करता येत नाही. आणि लसीचं रेकॉर्ड आजच मागून घ्या, डावा हात की उजवा ते लिहिलंय का तपासा. माझ्या रेकॉर्डवर चुकीचा हात लिहिला होता, तेवढं दुरुस्त करून घ्यायला मला चार महिने फोन करावे लागले.