ताळा

परळच्या एका रात्रशाळेत मी दहावीला गणित शिकवतो. वर्गात ४३ वर्षांच्या एक ताई आहेत. दिवसभर चार घरच्या पोळ्या लाटून धापा टाकत येतात, रोज वीस मिनिटं उशिरा. पहिल्या चाचणीला त्यांनी उत्तरपत्रिकेवर नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि पेन ठेवून दिलं. "सर, माझ्या डोक्यात गणित शिरतच नाही, लहानपणापासून." प्रश्नपत्रिका त्यांनी उलगडलीसुद्धा नव्हती.

अशा वेळी लोक म्हणतात, "आत्मविश्वासच नाही." या वाक्याचा मला राग येतो.

१९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक क्रूर प्रयोग केला. काहीही केलं तरी थांबणार नाहीत असे विजेचे झटके त्यांना दिले. नंतर सुटकेची सोय केली, बुटका अडसर ओलांडला की झालं. तरी बरेच कुत्रे तिथेच पडून राहिले. निष्कर्ष निघाला, की लाचारी शिकली जाते. पण २०१६ मध्ये, मेंदूच्या अभ्यासानंतर, याच दोघांनी आपलं म्हणणं उलटं केलं. त्रास लांबला की निपचित पडणं ही मुळातलीच प्रतिक्रिया. शिकावं लागतं ते वेगळंच : माझ्या करण्याने फरक पडतो, हे.

हे शिकायची संधी ताईंना कधी मिळाली? वडिलांची गिरणी बंद पडली, आठवीत शाळा सुटली, मग लग्न. यातलं काहीच त्यांना विचारून झालं नव्हतं. अशा माणसाला "सगळं तुमच्याच हातात आहे" असं ऐकवणं मला निर्दयपणाचं वाटतं. सगळं नसतंच हातात. घरभाडं नसतं, कामाच्या वेळा नसतात.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांनी १९७७ मध्येच मांडलंय, की 'मला जमेल' हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः काही करून दाखवल्यावर. नुसत्या धीराच्या शब्दांचा जोर त्यामानाने कमी. म्हणून मी भाषणं थांबवली. दोन चलांतील रेषीय समीकरणांची चार सोपी उदाहरणं दिली. कुठलं आधी सोडवायचं ते तुम्ही ठरवा, म्हटलं. आणि ताळा करायला शिकवलं. आलेल्या किमती दोन्ही समीकरणांत घाला, दोन्हींत डावी-उजवी बाजू सारखी आली की उत्तर बरोबर. मला विचारायची गरजच नाही.

त्यांनी तिसरं उदाहरण निवडलं. ताळा जुळला. वही मला दाखवायला आणली नाही, पान उलटून पुढचं घेतलं. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात एवढा आनंद मला क्वचितच झालाय.

गेल्या सोमवारी त्या वेळेवर आल्या. संध्याकाळच्या घरी त्यांनी सांगितलं होतं, "वहिनी, परीक्षेपर्यंत पोळ्या दुपारीच करून ठेवीन." वहिनी लगेच 'बरं' म्हणाल्या.

दोन वर्षं त्यांनी विचारलंच नव्हतं.