रिकाम्या खुर्च्यांचा फोटो आणि पाच वाजताचं मतदान

गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय. सोबत एक फोटो आहे. फिक्या लाकडाची अर्धवर्तुळाकार बाकं आणि त्यांवर जेमतेम दहा-बारा माणसं. खाली लिहिलंय: "ही स्कॉटलंडची संसद. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी दोन ते पाच भरते. सुरुवातीला प्रवचन, मग प्रश्नोत्तरं, पाच वाजता बटण दाबलं की घरी. सरकार म्हणेल त्याला मान डोलवायची, आणि शेवटचा शब्द लंडनचा. थोडक्यात, संसदेच्या नावाखाली चाललेली नगरपालिका, तीही ४१ कोटी पौंडांच्या इमारतीत."

माझ्याकडे हा मजकूर तीन गटांतून आला. एका ठिकाणी तर "सगळीकडे हेच चालतं" असा शेराही जोडलेला होता. तो शेरा वाचून राहवलं नाही. मी एडिंबऱ्यात राहत असताना त्या सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीत बऱ्याच दुपारी घालवल्या आहेत. या मजकुरात एक-दोन गोष्टी खऱ्या आहेत, काही अर्धवट आहेत आणि बाकीच्या साफ चुकीच्या.

आधी फोटो. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो किती वाजताचा, हे कुणी सांगितलेलं नाही आणि सगळी गोम तिथेच आहे. तिथे दिवसभरात ज्या ज्या प्रस्तावांवर चर्चा होते, त्यांवरचं मतदान सहसा लगेच होत नाही. ते संध्याकाळी पाचच्या सुमारास एकत्र घेतात. ते उरकलं की दिवसाचं शेवटचं काम म्हणून एखाद्या सदस्याच्या प्रस्तावावर चर्चा होते: त्याच्या भागातलं रुग्णालय, एखादी बंद पडणारी बोट सेवा, एखाद्या आजाराबद्दलची जनजागृती. तिच्यावर मतदान नसतं. विषयाशी संबंध असलेले सदस्य आणि उत्तर देणारे मंत्री तेवढे थांबतात. आपल्या विधानसभेतली अर्ध्या तासाची चर्चा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. रिकाम्या बाकांचे फोटो बहुतेक वेळा अशाच चर्चेतले असतात.

पाचच्या आधीची दहा मिनिटं मात्र बघण्यासारखी. दारं उघडायला लागतात, काखेत कागद मारून माणसं आत येतात, कुणी घाईघाईत जागेवर बसताना शेजाऱ्याला विचारतो की आपण कुठल्या दुरुस्तीवर आहोत. मग पीठासीन अधिकारी एकेक प्रस्ताव वाचून विचारतात, आपण सहमत आहोत का? कुणी "नाही" म्हणालं, तर मतविभागणी. काही सेकंदांत बाजूने किती, विरुद्ध किती, तटस्थ किती हे आकडे वाचले जातात आणि कोणत्या सदस्याने कसं मत दिलं ते नावानिशी कामकाजाच्या शब्दशः अहवालात छापलं जातं. आपल्याकडे आवाजी मतदानात "होयचे बहुमत" झालं की आपल्या आमदाराने नेमकं काय केलं, हे शोधून सापडत नाही. ज्याला आपण "बटण दाबून घरी जाणं" म्हणतोय, त्या बटणाची नोंद मतदाराच्या हातात असते. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आता "दोन ते पाच". सभागृह मंगळवार, बुधवार आणि गुरुवारी दुपारी भरतं हे खरं आहे. गुरुवारी सकाळचंही सत्र असतं, कारण बारा वाजता फर्स्ट मिनिस्टरना, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्यांना, पाऊण तास प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. पण त्या तीन दिवसांच्या सकाळी कुठे जातात? समित्यांमध्ये. स्कॉटलंडमध्ये वरिष्ठ सभागृह नाही. आपल्याकडे विधान परिषद आहे, लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्स आहे, हॉलिरूडला, म्हणजे स्कॉटलंडच्या या संसदेला, दुसरी चाळणी नाही. म्हणून विधेयकाची खरी चिरफाड समितीत होते. पहिल्या टप्प्यात समिती तज्ज्ञांना, संस्थांना, ज्यांच्या आयुष्यावर परिणाम होणार त्या लोकांना बोलावून विचारते की या कायद्याची गरज आहे का. दुसऱ्या टप्प्यात कलमवार दुरुस्त्या. तिसऱ्या टप्प्यात ते पूर्ण सभागृहापुढे येतं. 

समित्यांचं एकच उदाहरण देते, कारण ते माझ्या मनातून जात नाही. त्या संसदेकडे अर्ज करायला एका माणसाची सही पुरते. २०१४ मध्ये दोन स्त्रियांनी असा अर्ज केला. बाळंतपणानंतरच्या त्रासावर उपाय म्हणून योनिमार्गातून बसवलेल्या प्लास्टिकच्या जाळीमुळे त्यांना आणि त्यांच्यासारख्या अनेकींना कायमच्या वेदना जडल्या होत्या. त्या दोघी अशा अर्जांचा विचार करणाऱ्या समितीसमोर बसल्या आणि स्वतःच्या शरीराचं काय झालं ते सदस्यांना आणि कॅमेऱ्यांना सांगितलं. त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी रुग्णालयांना ही शस्त्रक्रिया स्थगित करायला सांगितलं. २०१८ मध्ये ती थांबवली गेली, आणि ज्यांनी पदरचे पैसे घालून खासगीत जाळी काढून घेतली होती त्यांचा खर्च भरून देणारा कायदा २०२२ मध्ये झाला. आठ वर्षं लागली, हे कमी नाही. पण सुरुवात झाली ती एका सकाळी, समितीच्या खोलीत. तिचा फोटो कुणी फिरवला नाही.

आणि वेळ लागला तर बसतातही. डिसेंबर २०२२ मध्ये लिंगओळखीच्या नोंदणीचं विधेयक तिसऱ्या टप्प्यात आलं तेव्हा दीडशेहून अधिक दुरुस्त्या होत्या. मध्यरात्र उलटेपर्यंत बैठका चालल्या आणि २२ तारखेला ८६ विरुद्ध ३९ असं मतदान झालं. उरलेले सोमवार आणि शुक्रवार मतदारसंघाचे. शेटलंडच्या सदस्याने विमानाऐवजी बोट धरली, तर ॲबर्डीनहून रात्रभराचा समुद्रप्रवास करावा लागतो. त्याला सुट्टी म्हणायचं असेल तर म्हणा.

प्रवचनाबद्दल थोडक्यात: मंगळवारी सुरुवातीला चार मिनिटं बाहेरचा पाहुणा बोलतो. कधी पाद्री, कधी इमाम, कधी कुठलाच धर्म न मानणारा. कामकाजाच्या वेळेत यामुळे काय बिघडतं ते मला समजलेलं नाही.

"सरकार म्हणेल त्याला मान डोलवायची" हा आरोप सगळ्यात सहज पुसला जाणारा आहे. तिथे १२९ सदस्य. त्यांपैकी ७३ मतदारसंघांतून येतात, ५६ आठ विभागांतल्या पक्षयाद्यांतून, आणि याद्यांच्या जागा अशा वाटतात की पक्षाला मिळालेली मतं आणि जागा यांत फार तफावत राहू नये. त्यामुळे एका पक्षाला बहुमत मिळणं अवघड. १९९९ पासून २०२१ पर्यंतच्या सहा निवडणुकांत ते एकदाच मिळालं, २०११ मध्ये, ६९ जागांसह. एरवी आघाडी करा किंवा प्रत्येक मतासाठी दारोदार फिरा.

२८ जानेवारी २००९ चा दिवस घ्या. ४७ सदस्यांचं अल्पमतातलं सरकार अर्थसंकल्प घेऊन आलं होतं. ग्रीन पक्षाच्या दोन सदस्यांची मागणी घरांना ऊबदार ठेवणाऱ्या योजनेसाठी जास्त पैशांची होती आणि ती बोलणी शेवटच्या क्षणी फिसकटली. मतं मोजली तर ६४ विरुद्ध ६४. पीठासीन अधिकारी ॲलेक्स फर्ग्युसन यांनी निर्णायक मत विरोधात टाकलं, कारण बरोबरी झाली तर आहे ती स्थिती बदलायची नाही हा संकेत. राज्याचा अर्थसंकल्प पडला! सरकारने आठवडाभरात पुन्हा वाटाघाटी केल्या, नवं विधेयक आणलं आणि ते मंजूर करून घेतलं. २०१८ मध्येही तसंच. फुटबॉल सामन्यांतल्या आक्षेपार्ह वर्तनाबद्दलचा सरकारनेच केलेला कायदा विरोधी बाकांवरच्या एका सदस्याच्या विधेयकाने रद्द झाला, ६२ विरुद्ध ६० मतांनी. शिक्का मारणारं सभागृह असं वागत नाही.

खरी टीका करायची असती तर मुद्दे होते. भाषणं चार-सहा मिनिटांना बांधलेली असतात, त्यामुळे बरेच सदस्य लिहून आणलेलं वाचतात. मध्येच उठून कुणी प्रश्न विचारला तर वक्त्याची नजर घड्याळाकडे जाते. गॅलरीत बसून कितीदा तरी वाटलं की आत्ता वाद रंगणार, आणि तेवढ्यात वेळ संपला. पण हे लिहायला एक दुपार तिथे बसावं लागतं, फोटोवरून कळत नाही.

नगरपालिकेची उपमा मला सगळ्यात जास्त खटकली. नगरपालिका फौजदारी कायदा करते का? आयकराचे दर ठरवते का? स्कॉटलंडमध्ये पगारावरच्या आयकराचे टप्पे आणि दर हॉलिरूड ठरवतं. इंग्लंडपेक्षा तिथे टप्पे जास्त आहेत आणि २०२४ पासून वरचा दर ४८ टक्के आहे, इंग्लंडमध्ये ४५. बंदिस्त सार्वजनिक जागांतली धूम्रपानबंदी २६ मार्च २००६ ला स्कॉटलंडमध्ये आली, इंग्लंडमध्ये ती पुढच्या वर्षी जुलैत. दारूला किमान किंमत लावणारा २०१२ चा कायदा दारू उद्योगाने ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला आणि २०१८ मध्ये तो लागू झालाच.

शिवाय १७०७ मध्ये दोन्ही देश एक झाले तेव्हाही स्कॉटलंडची न्यायव्यवस्था आणि कायदा वेगळाच ठेवला होता. अडचण एवढीच की तो कायदा दुरुस्त करायला स्वतःचं सभागृह नव्हतं आणि लंडनला त्यासाठी वेळ नसे. परिणाम काय, तर जमिनीची सरंजामी पद्धत तिथे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कायद्यात होती. घर तुमचं, पण त्याला एखादी खोली जोडायची तर जुन्या कागदातल्या वरच्या मालकाची परवानगी, आणि त्या परवानगीचे पैसे. कोकणातल्या माणसाला खोत म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आपल्याकडे खोती १९४९ च्या कायद्याने गेली. स्कॉटलंडची सरंजामी पद्धत नव्या संसदेने २००० मध्ये कायदा केला तेव्हा गेली आणि तो कायदा २८ नोव्हेंबर २००४ ला अंमलात आला. हे काम नगरपालिकेचं नव्हे.

उरलेले अधिकार कोणाचे, हेही पाहण्यासारखं आहे. आपल्या घटनेत कुठल्याच सूचीत नसलेला विषय केंद्राकडे जातो. स्कॉटलंडच्या १९९८ च्या कायद्यात उलटं आहे: संरक्षण, परराष्ट्र धोरण, चलन, स्थलांतर असे लंडनचे विषय लिहून काढले आहेत, आणि त्या यादीत जे नाही ते सगळं हॉलिरूडचं.

"शेवटचा शब्द लंडनचा" इथे मात्र मजकूर लिहिणाऱ्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे आणि ते मी झाकणार नाही. त्याच कायद्यात स्पष्ट म्हटलंय की स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा ब्रिटिश संसदेचा अधिकार अबाधित आहे. मध्यरात्रीपर्यंत बसून मंजूर केलेलं ते लिंगओळखीचं विधेयक जानेवारी २०२३ मध्ये लंडनच्या मंत्र्याने कलम ३५ वापरून अडवलं, असं पहिल्यांदाच घडलं. आपल्याकडे विधेयक राज्यपालांकडे अडकतं तेव्हा जे वाटतं, तेच तिथे अनेकांना वाटलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वातंत्र्याच्या सार्वमताचा कायदा हॉलिरूड करू शकत नाही. मुलांच्या हक्कांचं एकमताने झालेलं विधेयकही २०२१ मध्ये न्यायालयात अंशतः अडकलं, पण ते दुरुस्त करून २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा मंजूर केलं गेलं. मर्यादा आहेत आणि त्या बोचणाऱ्या आहेत. तरी "शेवटचा शब्द" म्हणजे "प्रत्येक शब्द" नव्हे. लंडनने सरकार बरखास्त करून आपला माणूस बसवावा, अशी तरतूद त्या कायद्यात नाही. आपल्याकडे कलम ३५६ आहे. २०१६ पासून तर कायद्यातच नमूद आहे की स्कॉटलंडच्या जनतेचा कौल घेतल्याशिवाय ही संसद मोडीत काढायची नाही.

इमारतीचा खर्च? खरा आहे. सुरुवातीला फार तर चार कोटी पौंड म्हटलं होतं, २००४ मध्ये ती उघडेपर्यंत ४१ कोटींच्या वर गेला आणि त्याची रीतसर चौकशीही झाली. त्याचा बचाव मी करणार नाही.

पण कामाबद्दल बोलायचं तर २४ नोव्हेंबर २०२० हा मंगळवार आठवा. मोनिका लेनन या विरोधी पक्षातल्या सदस्य २०१७ पासून एका विधेयकामागे लागल्या होत्या. मासिक पाळीचे पॅड आणि टॅम्पॉन ज्याला लागतील त्याला मोफत मिळावेत, एवढंच. सरकार आधी राजी नव्हतं, मग फेब्रुवारी २०२० च्या पहिल्या टप्प्यात ११२ विरुद्ध शून्य, एक तटस्थ. भारताच्या संसदेत १९७० नंतर एकाही अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेल्या, विधेयकाचा कायदा झालेला नाही, हे लक्षात घेतलं म्हणजे यातली अवघड बाजू कळते. त्या मंगळवारी ते एकमताने मंजूर झालं. असा कायदा करणारा स्कॉटलंड जगातला पहिला देश.

कोविडचे दिवस होते. सभागृहात मोजक्याच सदस्यांना अंतर राखून बसायची मुभा होती, अनेक जण घरून पडद्यावर होते. त्या संध्याकाळच्या फोटोतही रिकाम्या खुर्च्याच दिसतात. ऑगस्ट २०२२ पासून तिथल्या शाळा-कॉलेजांत आणि स्थानिक संस्थांच्या सार्वजनिक जागांत ते पॅड मोफत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे.