खुलासा: अमावास्या-पौर्णिमेला बंदरात ‘दिवसभर ओहोटी’ नसते

‘अमावास्या-पौर्णिमेला जुन्या बंदरातलं पाणी दिवसभर ओसरलेलं असतं, बुरुजापर्यंत कधीही चालत जा’ हा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे आणि जीवावर बेतू शकतो.

या दिवसांत उधाण असतं. ओहोटी नेहमीपेक्षा खाली जाते, पण भरतीही तितकीच वर चढते. बहुतेक किनाऱ्यांवर ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात आणि पाणी सारख्या वेगानं चढत नाही. भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक 4 मीटर धरला, तर पहिल्या तासात जेमतेम 33 सेंटीमीटर, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र जवळपास एकेक मीटर. पहिल्या तासाचा संथपणा पाहूनच माणसं फसतात. त्यातून वाट धक्क्याजवळ सखल असेल तर आधी तीच बुडते; पुढचे खडक कोरडे दिसत असतानाच परतीचा रस्ता बंद झालेला असतो.

त्याच बंदराचं, त्याच तारखेचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा; वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटीच्या वेळेला परत फिरा. वारा समुद्राकडून जोरात असेल तर जाऊच नका, पाणी वेळापत्रकापेक्षा वर चढतं. धक्क्याच्या पायऱ्यांवरचा हिरवा पट्टा रोज पाण्याखाली जातो, तिथे पाय हमखास घसरतो.



कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा पाठवा.