साखरेची साखर

उजव्या तर्जनीवर वाटाण्याएवढा फोड आहे, म्हणून हे सगळं मधल्या बोटाने टाइप करतोय. शुद्धलेखनाच्या चुका त्या फोडाच्या खात्यावर टाकाव्यात.

शाळेचं ३ दिवसांचं शिबिर. दुसऱ्या दुपारी 'गोड पदार्थ शिकूया'. सहाजणांचा गट, पदार्थ लॉलीपॉप. साखर, पाणी, लिंबाचे चार थेंब, साचे, काड्या. संपलं. यात चुकायला जागाच कुठे आहे, असं मला वाटलं होतं.

दोघं साच्यांना तेल लावायला बसले. दोघी काड्या मोजायला. (काड्या १२ होत्या. त्या मोजायला पाऊण तास कसा लागतो, ते मी अजून विचारलेलं नाही.) पातेल्यापाशी मी. आणि सहावा, आदल्या दिवशी पळताना पाय मुरगळलेला, उलट्या बादलीवर. बाईंना त्याची दया आली. "तू बसल्या बसल्या तापमान बघ हं," म्हणून त्याच्या हातात लांबलचक थर्मामीटर दिला. माझं दुर्दैव तिथून सुरू झालं.

"किती झालं रे?" मी विचारलं.

"किती पाहिजे?"

"१५०."

"मग होत आलं."

"होत आलं म्हणजे? आकडा सांग."

"वाफेने काच धुरकट झालीय. पण कल चांगला आहे."

कल चांगला आहे! मतमोजणी चालली होती का तिथे? मी वाकून पाहिलं तर थर्मामीटरचं टोक पातेल्याच्या बुडाला टेकलेलं. म्हणजे साहेब पाकाचं नाही, पातेल्याचं तापमान घेत होते. टोक पाकात अधांतरी धरायचं असतं, हे बाईंनी दोनदा सांगितलं होतं. तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "हात दुखतो." पाय मुरगळलाय ना तुझा? "तोल सगळा हातावर येतो." बादलीवर बसलेल्या माणसाचा तोल हातावर कसा येतो, याचा विचार करत असतानाच एक थेंब उडाला आणि माझ्या बोटावर बसला. उकळत्या पाण्याचा थेंब निदान ओघळून तरी जातो. पाक पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो, शिवाय चिकटतो, आणि तिथेच बसून निवांत भाजत राहतो. मी ओरडलो. बादलीवरून आवाज आला, "तापलाय चांगला."

पाकाची एक गंमत आहे. सुरुवातीला पारा हलता हलत नाही, कारण आधी पाणी उडून जावं लागतं. पाणी सरलं की मात्र तो सरसर चढतो. म्हणजे आधी बघण्यासारखं काही नसतं आणि शेवटी पापणी मिटायची सोय नसते. आमचे निरीक्षक आधीची पंचवीस मिनिटं थर्मामीटरला डोळे लावून बसले आणि नेमके शेवटी प्यायला पाणी मागू लागले.

पाणी पिऊन तरतरी आल्यावर त्याने सल्ला दिला, "ढवळ."

"बाई म्हणाल्या, साखर विरघळल्यावर ढवळायचं नाही."

"खाली लागेल. माझी मावशी सतत ढवळते."

"काय करताना?"

"सूप."

आता खरं सांगतो, मी ढवळलं. बादलीवर बसून माणसाला खुर्चीतला आवाज कसा लावता येतो कोण जाणे, पण लावता येतो, आणि माझ्यासारखे लोक तो ऐकतात. कडेला चिकटलेले चार कण आत पडले आणि संपलं. एका कणाला धरून बाकीची साखर भराभर स्फटिक धरू लागते. ते होऊ नये म्हणूनच तर लिंबू. आंबटाने थोडी साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. ही दोघं मध्ये घुसली की उरलेल्या साखरेला रांग धरता येत नाही. आमचं लिंबू कुठे होतं? काडीवाल्या दोघींनी पाण्यात पिळून पिऊन टाकलं होतं. मोजून तहान लागली म्हणे.

पातेल्यात आधी गढूळपणा आला, मग सगळं पांढरं पडलं. चमचा उभा राहिला तो उभाच. पाऊण तास गॅस जाळून आम्ही साखरेची साखर केली होती.

बाई आल्या. "हे काय?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात बादली बोलली: "बाई, परिवर्तनीय बदल. साखर विरघळवली, पाणी उडवलं, मूळ पदार्थ परत मिळवला."

बाई विज्ञानाच्या. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला माझ्या फोडाची लाज वाटली. इतर गटांना बोलावलं गेलं. सोनेरी, पारदर्शक, काडीवर नीट बसलेले लॉलीपॉप हातात घेऊन ती पोरं आमची वाळू बघत उभी राहिली आणि त्यांना आमच्यासाठी टाळ्या वाजवाव्या लागल्या. एकीने विचारलं, "मग आमचा सोनेरी रंग?" त्याने तिच्याकडे कीव येऊन पाहिलं. "तो अपरिवर्तनीय."

वीस मिनिटं मी पातेलं खरवडत होतो. शेवटी तिथल्या स्वयंपाकाच्या मावशींनी काही न बोलता त्यात गरम पाणी ओतलं आणि सगळं पाच मिनिटांत विरघळून गेलं. "मी म्हटलं नव्हतं?" बादली.

गटकार्यात गुण सगळ्यांना सारखे मिळतात. भाजतं मात्र एकट्यालाच. हे मी घरी बोललो तर उत्तर आलं, "त्यातूनच शिकायचं असतं." काय शिकायचं? बादली आधी पकडायची, एवढंच ना?

आज सकाळी तो जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढताना दिसला. वरून मला हाक मारली. शिबिराचा अहवाल उद्या द्यायचा आहे, ५ पानं, गटातर्फे. तो मीच लिहावा, कारण त्याला पायामुळे फार वेळ बसवत नाही म्हणे.

'निरीक्षणे' हा रकाना तेवढा मोकळा सोड, म्हणाला. तो स्वतः भरणार आहे.