खुलासा: आठवडाभराच्या कोर्सने इंग्लंडमध्ये इलेक्ट्रिशियन होता येतं का?

'इंग्लंडमध्ये आठवडाभराचा एटीन्थ एडिशन कोर्स करा, सरकारी लायसन्स मिळेल आणि घरगुती वायरिंगचा स्वतःचा धंदा सुरू करा' असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

मुळात तिथे असं सरकारी लायसन्सच नाही. कायद्याने कोणीही स्वतःला इलेक्ट्रिशियन म्हणवून घेऊ शकतो, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. एटीन्थ एडिशन ही बीएस ७६७१ या वायरिंगच्या नियमावलीवरची परीक्षा. पुस्तक उघडं ठेवून पर्याय निवडायचे. पक्कड हातात न घेताही पास होता येतं!

खरी अडचण पार्ट पी या २००५ पासून लागू असलेल्या बांधकाम नियमाची आहे. नवं सर्किट टाकणं, फ्यूज बोर्ड बदलणं, बाथरूममध्ये शॉवरजवळचं काम, हे सगळं स्थानिक बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे पालिकेच्या बांधकाम तपासणी विभागाला, कळवावं लागतं. मान्यताप्राप्त संस्थेत नोंदणी नसेल तर दरवेळी तिथे आधी अर्ज आणि फी. छोट्या कामात मग उरणार काय? म्हणून स्वतंत्र काम करणारे एनआयसीईआयसी किंवा नॅपिटसारख्या संस्थेत नोंदणी करतात आणि आपलं काम स्वतःच प्रमाणित करतात. त्यासाठी पात्रता, विमा, टेस्टिंगची उपकरणं लागतात, शिवाय केलेल्या कामाची प्रत्यक्ष तपासणी होते. पक्का मार्ग म्हणजे लेव्हल ३ एनव्हीक्यू ही कामावरच्या कौशल्याची व्यावसायिक पात्रता आणि एएम२ ही प्रात्यक्षिक परीक्षा. त्यात वर्षं जातात.

स्कॉटलंडला पार्ट पी लागू नाही, तिथली पद्धत वेगळी आहे.