सोमवार-मंगळवारचा घोळ

लेखातल्या पॅरिसच्या तीन दिवसांच्या बेतात सोमवारी व्हर्सायचा राजवाडा आणि मंगळवारी लूव्र संग्रहालय धरलंय. दोन्ही नेमके त्या-त्या दिवशी बंद असतात! अदलाबदल करा: सोमवारी लूव्र, वेळेचं तिकीट आधीच ऑनलाइन काढून. मंगळवारी लूव्र बंद म्हणून व्हर्सायला गर्दी उसळते, त्यामुळे सकाळी ९ चीच वेळ घ्या. व्हर्सायला जाणाऱ्या आरईआर सी या उपनगरी गाडीवर ‘व्हर्साय शातो रिव्ह गोश’ ही पाटी बघूनच चढा. शांतिए हे व्हर्सायचंच दुसरं स्थानक राजवाड्यापासून लांब पडतं. नाविगो या पॅरिसच्या प्रवासी कार्डाचा आठवड्याचा पास सोमवार ते रविवारच चालतो, घेतल्यापासून सात दिवस नव्हे. गुरुवारी पोचणाऱ्याने तो घेण्याआधी हिशेब करावाच. ओर्से संग्रहालयही सोमवारी बंद, हे विसरू नका.