मलम परत करण्याआधी

गेल्या महिन्यात एक आई तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आमच्या मेडिकलमध्ये आली. पोराच्या कोपरांच्या खोबणी आणि गुडघ्यांच्या मागच्या घड्या खाजवून रक्ताळल्या होत्या. दोन दिवसांपूर्वी मीच दिलेली मलमाची ट्यूब तिनं सीलही न तोडता परत केली आणि फोन माझ्यापुढे धरला. घरच्या ग्रुपवर निरोप आला होता. तुमच्याकडेही आला असेल:

‘इसबावर देतात ते मलम स्टेरॉइडचं असतं. पैलवान टोचून घेतात तेच हे. मुलांची वाढ खुंटते, कातडी कागदासारखी होते, जन्माची सवय लागते. रोग बरा होत नाही, आत दाबला जातो आणि दमा होऊन बाहेर पडतो. लावावंच लागलं तर अगदी पुसट लावा. त्यापेक्षा हर्बल मलम वापरा.’

औषधं देत मला १९ वर्षं झाली. स्टेरॉइडच्या मलमानं वाटोळं झालेले चेहरे मी पाहिले आहेत, त्यामुळे या भीतीला मी वेडेपणा म्हणणार नाही. पण या निरोपानं एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारलंय, आणि त्याची किंमत ते पोर रात्र रात्र जागून मोजतंय.

पैलवानांचं आधी. व्यायामशाळांत चोरून घेतात ती स्नायू वाढवणारी, पुरुषी हार्मोनच्या जातीची औषधं. मलमात असतं ते कॉर्टिसोलच्या जातीचं. कॉर्टिसोल आपल्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रोज तयार करतात आणि शरीरातली दाहाची आग आवरायला ते लागतं. १९५२ साली याच जातीतल्या हायड्रोकॉर्टिसोनचं मलम इसबावर गुणकारी ठरल्याचं पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. म्हणजे हे औषध सत्तर वर्षांहून अधिक काळ वापरात आहे.

आता वाढ आणि कातडी. इथे निरोप सगळ्या मलमांना एकाच दावणीला बांधतो. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का सौम्य, क्लोबेटासोन मध्यम, मोमेटासोन तीव्र आणि क्लोबेटासोल अतितीव्र. नावं सारखी वाटतात म्हणून फसू नका. क्लोबेटासोन आणि क्लोबेटासोल यांत दोन पायऱ्यांचा फरक आहे. क्लोबेटासोल मोठ्या माणसानंही सलग दोन आठवड्यांहून जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमहून जास्त वापरू नये, असा दंडक आहे. तीव्र मलम अंगभर, महिनोन्महिने लावलं तर ते रक्तात उतरतं आणि मुलाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, हे खरं. सौम्य मलम फक्त कोपर-गुडघ्यांच्या घड्यांपुरतं, थोडे दिवस लावून तसं होत नाही.

कातडी पातळ होण्याबद्दल, उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात आकडा आहे: इसबावरच्या ज्या चाचण्यांत हे तपासलं, त्यांतल्या २,२६६ जणांपैकी २६ जणांत ते दिसलं आणि त्यातले बहुतेक तीव्र किंवा अतितीव्र मलमवाले होते. या चाचण्या बहुतेक थोड्या मुदतीच्या होत्या, हेही सांगायला हवं. वर्षभर मनानं लावत राहणाऱ्याला हा आकडा लागू नाही.

जागाही महत्त्वाची. १९६७ साली अमेरिकेत मोजलं गेलं, की कोपरापासून मनगटापर्यंतच्या कातडीतून हायड्रोकॉर्टिसोन जेवढं आत जातं, त्याच्या १३ पट जबड्याजवळून आणि ४२ पट अंडकोषाच्या कातडीतून जातं. तळपायातून मात्र सातवा हिस्साच. म्हणून हाताला दिलेलं मलम चेहऱ्याला किंवा डायपरखाली लावायचं नाही. पापण्यांजवळ तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही, कारण डोळ्यातला दाब वाढू शकतो.

सवयीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण त्यात निम्मं सत्य आहे. मलम सोडल्यावर कातडी लालभडक होणं, आगआग होणं हा प्रकार खरा आहे. २०१५ च्या एका आढाव्यात असे रुग्ण तपासले गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि मध्यम किंवा तीव्र मलम चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर वर्षाहून अधिक काळ, बहुतेक रोज, लावलेलं होतं. हे चित्र आपल्या ओळखीचंच आहे. ‘ताई, ती गोरं करणारी ट्यूब द्या,’ असं मला आजही ऐकावं लागतं. त्यातल्या कित्येक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग पुटकुळ्या, केस, लाल शिरा. थांबवलं की आग, म्हणून पुन्हा तेच.

दुसरा प्रकार गजकर्णाचा. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र घोटलेली ट्यूब लोक मनानं घेतात. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी खाली पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेनं याविरुद्ध वेगळं कृतिदल उभारलं आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. चिठ्ठी न मागता ती देणारे आमच्याच धंद्यात आहेत, याची मला लाज वाटते. पण या सगळ्यात डॉक्टरांनी तपासून आठवडाभरासाठी दिलेलं इसबाचं मलम कुठे आहे?

लावणं थांबवल्यावर इसब परत येतो, ते सवयीमुळे नव्हे. तो मुळातच उलटणारा आजार आहे. त्यावर एक रीत आहे: आग शमेपर्यंत रोज एकदा लावायचं, मग नेहमी उठणाऱ्या जागांवर आठवड्यातून फक्त दोन दिवस. त्याच कॉक्रेन आढाव्यात या रीतीनं उलटण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांवरून २५ वर आलेलं दिसतं. तीव्र मलम दिवसातून दोनदा लावून एकदाच्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही, हेही त्यातच आहे.

दमा? इसब असलेल्या मुलांना पुढे दमा होण्याचा संभव जास्त असतो, मलम लावा किंवा न लावा. दोघांच्या मुळाशी ॲलर्जीची तीच प्रवृत्ती असते. आधी कातडी, मग श्वास, असा क्रम दिसला म्हणून रोग आत ढकलला गेला, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

‘पुसट लावा’ हा सल्ला काळजीचा वाटतो, पण पुसट लावलं की आग विझत नाही, दिवस लांबतात आणि शेवटी मलम जास्तच जातं. माप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं. तेवढं बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. मूल छोटं असलं तरी मापाचं बोट मोठ्याचंच. मोठ्या माणसाच्या एका पायाला, पाऊल सोडून, अशी ६ बोटं लागतात. १० ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरली असं कुणी कौतुकानं सांगतं, तेव्हा ते औषध लागलेलंच नसतं.

राहिलं हर्बल मलम. खोबरेल तेल जरूर लावा, कोरडेपणाला ते चांगलं. पण भडकलेल्या इसबाची आग त्यानं विझत नाही आणि रक्ताळलेल्या घड्यांवर कडुलिंब वाटून लावलं तर पोर किंचाळतं. बिननावाच्या डबीतल्या मलमाची तर मला खरी धास्ती वाटते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला इसबाच्या मुलांसाठी आणलेली २४ ‘हर्बल’ मलमं प्रयोगशाळेत तपासली, त्याचा अहवाल २००३ साली छापला गेला. २० मलमांत स्टेरॉइड निघालं, काहींत क्लोबेटासोल. स्टेरॉइड नको म्हणून आयांनी जे आणलं, त्यात ते लपलेलं होतं. ना नाव, ना मात्रा.

असं लावून दोन दिवसांत जादू झालेली डबी घरात असेल तर ती फेकू नका. बरोबर घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. आणि कित्येक महिने रोज लावत असाल तर आज रात्रीपासून मनानंच एकदम बंदही करू नका. कमी कसं करत आणायचं ते त्यांनाच ठरवू दे.